नावाला बचाव

मे महिन्यातील सोलापूरची दुपार, म्हणजे शहाणी माणसे दारे लोटून पंख्याखाली पडून राहण्याची वेळ. नेमक्या त्या वेळी शेजारचा बारा वर्षांचा मुलगा बुद्धिबळाचा पट काखेत मारून आला आणि मी राजापुढचे प्यादे सरकवताच त्याने वजिराच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. काळ्या मोहऱ्यांची ही एक प्रसिद्ध सुरुवात, सिसिलियन बचाव! पाचव्या चालीत त्याने राजाच्या घोड्यापुढचे प्यादे एक घर वर घेऊन उंटाला कर्णावर वाट करून दिली, तेव्हा मी सावरून बसलो. हा याच बचावाचा ड्रॅगन नावाचा प्रकार होता. काळ्या प्याद्यांची ती वेडीवाकडी रांग ड्रॅको, म्हणजे ड्रॅगन, या तारकासमूहासारखी दिसते म्हणून दुस-खोतिमिर्स्की या रशियन खेळाडूने हे नाव दिले, असे सांगतात.

माझे भांडण ‘बचाव’ या शब्दाशी आहे. पांढरा एका बाजूला किल्लेकोट करतो, म्हणजे राजा कडेकडे नेऊन हत्ती त्याच्या शेजारी आणतो, काळा दुसऱ्या. मग दोघेही समोरच्याचे घर पेटवायला धावतात आणि आपल्या घराकडे वळून पाहायला कोणालाच सवड नसते. काळा तर पांढऱ्या राजापुढच्या घोड्यावर खुशाल आपला हत्ती उधळतो. माझ्या आजोबांना हे रुचले नसते. मिलची पाळी संपवून बुधवार पेठेतल्या ओट्यावर ते देशी डाव मांडत. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चाले, किल्लेकोट नव्हताच, आणि राजाला अडचणीत एकदाच घोड्याची उडी घेण्याची मुभा असे. एक डाव दिवेलागणीपर्यंत पुरे.

शाळेत असताना एका स्पर्धेत मी काळ्या मोहऱ्यांनी हाच ड्रॅगन खेळलो होतो. समोर दोन वेण्या घातलेली, अबोल मुलगी होती. मी ऐटीत हत्ती दिला. तिने तो निमूटपणे घेतला, कडेचे प्यादे रेटून हत्तीसमोरची उभी पट्टी मोकळी केली, माझा कर्णावरचा उंट मारामारीत संपवला आणि वजीर आणून मात दिली. मला एकच चाल कमी पडली. चाली लिहिण्याचा तो कागद अजून माझ्याजवळ आहे. अठराव्या चालीपाशी घामाने शाई फुटली आहे, त्यामुळे चूक नेमकी कुठे झाली ते मला कधीच वाचता आलेले नाही.

परवा त्या मुलानेही घोड्यावर हत्ती घातला. मी तो प्याद्याने मारला आणि बराच वेळ पुढची चाल केलीच नाही.

“काका, खेळा ना,” तो म्हणाला.

डाव कोणी जिंकला ते सोडून देऊ. पट आवरताना एक काळा हत्ती सापडेना. आम्ही दोघांनी सतरंजी झटकली, खाटेखाली वाकून पाहिले, आणि तो माझ्याच मुठीत निघाला.