बरणीतलं ‘फुरसं’

मृग लागून चार दिवस झाले होते. बेडकांच्या नोंदी करायला मी जांबोटीच्या रानात होतो, तेवढ्यात खानापूर भागातल्या एका दवाखान्यातून ओळखीच्या डॉक्टर मॅडमचा फोन आला. साप चावलेली बाई आलीय, लोकांनी साप मारून आणलाय, सगळे फुरसं म्हणतात, तुम्ही जवळ असाल तर बघून जाल का?

पोचलो तेव्हा खाटेवर पन्नाशीची बाई होती. उजवा पंजा सुजून सूज मनगटाच्या वर चढलेली. काजूच्या बागेतला पाचोळा गोळा करताना बोटाला चावलं होतं. मॅडमनी कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलीटर रक्त घेऊन ते न हलवता ठेवलं होतं. वीस मिनिटं झाल्यावर त्यांनी माझ्यासमोरच नळी कलती केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, साकळलंच नव्हतं.

फुरशाच्या विषानं असं होतं. पण नाक वर उचललेला चापडा म्हणून दुसरा एक विषारी साप आहे, त्याच्या विषानंही होऊ शकतं. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासून बनवलेलं असतं. चापड्याचं विष त्यात नाही, त्यामुळं त्याच्या दंशावर ते लागू पडत नाही. रिॲक्शनचा धोका मात्र राहतो. मॅडमनी बाटल्या काढून ठेवल्या होत्या. म्हणाल्या, “शंका राहिली तर मी प्रतिविष सुरू करणार. तुमच्यासाठी थांबणार नाही.” त्यांचं बरोबरच होतं.

मला मात्र दोन वर्षांपूर्वीचा एक फोटो आठवत होता. मोबाईलवर आलेला, अंधुक, तपकिरी अंगावर काळसर ठिपके. मी रंग बघून “फुरसं” असं उत्तर पाठवून मोकळा झालो होतो. त्या माणसाला बाटल्यांमागून बाटल्या दिल्या, अंगभर गांध्या उठल्या, आणि मूत्रपिंडं बिघडायची ती बिघडलीच. पुढं तोच फोटो मोठा करून पाहिला, तर सापाचं नाक वर वळलेलं होतं. ते उत्तर मी घाईनं दिलं होतं, आणि त्याचं ओझं अजून उतरलेलं नाही.

बाईच्या मुलानं बरणी पुढं केली. “फुरसंच हाय की सर. आमच्यात ह्येला फुरसंच म्हणतात.”

साप ट्रेमध्ये काढला. काठीनं डोकं ठेचलेलं. फुरशाच्या डोक्यावर सगळे बारीक खवले असतात, चापड्याच्या या जातीत नाकाकडं बारीक आणि मागं मोठे. पण इथं सगळाच चेंदामेंदा झाला होता, नाकाचाही आकार उरला नव्हता. म्हणून अंगाकडं वळलो. लांबी ३४ सेंटिमीटर. मधोमध दोरा बांधला आणि भिंगाखाली पोटाच्या एका कडेपासून पाठीवरून दुसऱ्या कडेपर्यंत तिरप्या रेषेत खवले मोजायला लागलो. सुईच्या टोकानं एकेक खवला उचलायचा, आकडा तोंडानं म्हणायचा. “काय मोजूलालासा सर?” मुलानं विचारलं. उत्तर दिलं असतं तर आकडा चुकला असता.

सतरा.

दोरा सरकवून परत मोजलं. सतराच. फुरशाला इथं निदान पंचवीस ओळी लागतात. कुशीचे खवलेही करवतीसारखे दातेरी नव्हते. शेपटीच्या खालचे खवले बघितले, तर ते जोडीजोडीनं होते. फुरशाचे एकेरी असतात. शेवटी डोक्याची डावी बाजू, जी जरा शाबूत होती, ती पाण्याच्या धारेखाली धरून ओल्या कापसानं चिखल काढला. डोळा आणि नाकपुडीच्या मधे खळगा होता. उष्णता ओळखणारा हा खळगा फुरशाला नसतोच.

“हिप्नाले हिप्नाले, म्हणजे नाक वर उचललेला चापडा,” मी म्हणालो. “प्रतिविषातल्या चारांपैकी नाही.”

मॅडमनी स्वतः भिंगातून खळगा बघितला. बेळगावातल्या त्यांच्या वरिष्ठांशी बोलल्या, बाटल्या बाजूला ठेवल्या, सलाईन लावलं, लघवीचं माप ठेवायला सांगितलं आणि बाईला बेळगावला हलवलं. पुढचा सगळा निर्णय त्यांचा.

या सापाला १८२० साली मेरेम या जर्मन शास्त्रज्ञानं नाव दिलं. त्याच्या भाईबंदांच्या नावांचा घोळ नंतर बरीच वर्षं चालला. २००९ साली खवले आणि शरीराची ठेवण तपासून तीन जाती नक्की झाल्या. त्यातल्या दोन फक्त श्रीलंकेत, आपल्या पश्चिम घाटात ही एकच. उत्तरेकडं साधारण १६ अक्षांशापर्यंतच हा साप मिळतो, म्हणजे खानापूरचं रान त्याच्या मुलखाच्या जवळजवळ टोकाला. खाली केरळात डॉक्टरांना हा चांगला माहीत आहे. आमच्याकडं मात्र आखूड, तपकिरी, वेटोळं करून बसलेलं जे दिसेल त्याला फुरसं म्हणायची रीत. फुरसं उघड्या, खडकाळ माळाचं. सावलीतला ओला पाचोळा या चापड्याचा. हे मी आता प्रत्येक वर्गात सांगतो, गावात सभा असली तर तिथंही.

तिसऱ्या दिवशी बाईची लघवी कमी झाली, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन चढलं, दोनदा डायलिसिस करावं लागलं. अकराव्या दिवशी ती घरी आली. मुलाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या व्हरांड्यात होतो. बराच वेळ तिथंच उभा राहिलो.

साप वनखात्याला कळवून स्पिरिटमध्ये ठेवला. पोटाखालचे खवले सावकाश मोजले, १४१ भरले. चिठ्ठीवर गाव, तारीख, लांबी, आकडे, शास्त्रीय नाव लिहिलं. खाली ‘स्थानिक नाव’ असा रकाना असतो. तिथं मुलानं सांगितलं होतं तेच लिहिलं: फुरसं.