हरकतीची शेवटची तारीख

दुपारचं जेवण अंगावर आलं की लोक क्रिकेट बघतात, मी मोबाइलवर ‘आपली चावडी’ हे सरकारी संकेतस्थळ उघडतो. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, की फेरफारांच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलांच्या नोटिसा हजर. कुणी कर्जाचा बोजा चढवला, कुणी उतरवला, कुठल्या गटाला वारस लागले. मला काही घ्यायचं नाही, विकायचं तर नाहीच. नुसत्या चौकशा. गाव सुटलं, खोड नाही सुटली.

त्यातला माझा लाडका रकाना एकच : हरकत नोंदविण्याची शेवटची तारीख. बाकीचं सगळं कुणीतरी करतं. दुय्यम निबंधकाकडे दस्त होतो, तलाठी फेरफार धरतो, नोटीस काढतो, शेवटी मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. मधले 15 दिवस कुणीच काही करत नाही, आणि काम तेव्हाच पुढं सरकतं. हरकत आली तर प्रकरण गाव नमुना सहा-अ मध्ये, म्हणजे वादाच्या प्रकरणांच्या वहीत, मग सुनावणी, मग तारखा. नाही आली तर नोंद मंजुरीला मोकळी. संगणकाला हे शिकवणं सोपं गेलं असणार. नोटीस बजावली का, मुदत उलटली का, हरकत आहे का? संपलं. नोटीस कुणाला कळली का, हे कागदाच्या काळातही कोण विचारत होतं!

तेव्हा ती चावडीच्या भिंतीवर खळीनं चिकटवत. खळ पिठाची, त्यामुळं पहिली हरकत कुणाच्या तरी शेळीची. कोपऱ्यापासून सुरुवात करून ती सही-शिक्क्यापर्यंत पोचायची. मग कोतवाल शेळीमागं आणि आम्ही पोरं कोतवालामागं. भिंतीवर चतकोर कागद उरला तरी मुदत आपली चालूच.

आजोबा गेल्यावर वारसनोंदीची नोटीसही तिथंच लागली असणार. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं वडिलांच्या मिळकतीत मुलींचाही वाटा धरलेला होता. आमच्या नोंदीत वडील आणि काका आहेत, आत्या नाही. ती सासरी, दुसऱ्या तालुक्यात. तिला वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी चावडीपुढं थांबून वाचणाऱ्या बायका मी पाहिलेल्या नाहीत. फेरफाराच्या नकलेवर शेरा आहे : मुदतीत हरकत नाही, नोंद मंजूर.

वकील म्हणतात, फेरफारानं हक्क जात नाही, त्यासाठी दिवाणी कोर्ट आहे. असेल. आत्याला माहेर हवं होतं.