बॉयलरचं प्रेशर रोज पडत होतं, पाणी जात कुठे होतं?

गेला सव्वा महिना सकाळी उठल्या उठल्या माझं पहिलं काम एकच, स्वयंपाकघरातलं कपाट उघडायचं आणि बॉयलरचा काटा बघायचा. घर भाड्याचं. बॉयलर कॉम्बी, म्हणजे नळाला गरम पाणी पण तोच देतो आणि खोल्यांमधले रेडिएटर पण तोच तापवतो, त्यामुळे तो बसला की सगळंच बसतं. एका सकाळी मुलाच्या अंघोळीसाठी नळ सोडला तर पाणी गारढोण, वर लाल दिवा लुकलुकतोय आणि काटा शून्याला टेकायला आलेला.

घरमालकांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, प्रेशर कमी झालं असेल, खाली जाळीदार नळी आहे ना, तिचे दोन्ही व्हॉल्व्ह उघडा, काटा वर आला की बंद करा." तसं केलं. बॉयलर बंद आणि गार असताना व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचे, काटा १ ते १.५ बारच्या (बार म्हणजे प्रेशर मोजायचं एकक) मधे आला की दोन्ही घट्ट बंद करायचे, एक जरी थोडा उघडा राहिला तरी मेन लाइनचं पाणी आत येत राहतं आणि प्रेशर वाढत जातं. मग रिसेटचं बटण दाबलं आणि बॉयलर सुरू झाला, मला वाटलं संपलं.

तीन दिवसांनी परत तेच. मग दोन दिवसांनी, मग रोज. घरमालकांचं उत्तर ठरलेलं, जुना आहे, भरत राहा. इथे मला खरंच राग आला कारण मी तोपर्यंत थोडं वाचलं होतं. रेडिएटरमधून फिरणारं पाणी बंद चक्रात असतं, तेच तेच पाणी वर्षानुवर्षं फिरतं, त्यातला ऑक्सिजन सुरुवातीलाच संपतो आणि मग आतलं लोखंड फारसं गंजत नाही. आपण रोज ताजं पाणी घातलं की रोज नवा ऑक्सिजन आत जातो, गंज वाढतो, त्याचा काळा गाळ होतो आणि तो पंपात आणि हीट एक्सचेंजरमध्ये, म्हणजे गॅसच्या आचेवर पाणी तापतं त्या भागात, जाऊन बसतो. म्हणजे रोज पाणी भरणं हा उपाय नाहीच, उलट पुढचा मोठा खर्च आपण स्वतःच्या हाताने तयार करत असतो.

मग प्रश्न एवढाच की पाणी जातंय कुठे. मी प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही टोकांच्या व्हॉल्व्हखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवला, बॉयलरच्या खाली ठेवला, जिथे जिथे पाइप उघडा दिसतो तिथे हात फिरवून बघितला, रात्रभर ठेवून सकाळी बघितलं तर सगळे टिश्यू कोरडे. जमिनीवर ओल नाही, भिंतीला डाग नाही. दोन दिवस मला वाटत होतं की जमिनीखाली कुठेतरी पाइप फुटलाय आणि आता सगळं घर उकरावं लागणार.

खरा धागा अगदी सहज सापडला. तोपर्यंत मी काटा फक्त सकाळी बघत होते, बॉयलर गार असताना. एका रात्री हीटिंग तासभर चालू होतं आणि काहीतरी काढायला कपाट उघडलं तर काटा चक्क ३ च्या जवळ! सकाळी शून्य आणि रात्री ३, हे गळतीचं लक्षण वाटेना. मग वही घेतली आणि लिहायला लागले, वेळ, हीटिंग चालू की बंद, काटा किती. संध्याकाळी ७ वाजता गार असताना १.२, पाऊण तासाने २.४, सव्वाआठला ३ ला टेकलेला, सकाळी ६ ला ०.४. चार दिवस लिहिलं, चारही दिवस तेच चित्र.

याचं कारण कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. पाणी तापलं की फुगतं, १० अंशांवरून ८० अंशांपर्यंत नेलं तर साधारण ३ टक्के, म्हणजे सगळ्या पाइप-रेडिएटरमध्ये मिळून १०० लिटर पाणी असेल तर जवळजवळ ३ लिटर जास्तीची जागा हवी. पाणी दाबून लहान होत नाही, म्हणून बॉयलरमध्ये एक पत्र्याचा डबा असतो, एक्स्पान्शन व्हेसल म्हणतात, त्याच्या मधे रबराचा पडदा, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा. पाणी फुगलं की पडदा हवेकडे दबतो आणि प्रेशर थोडंच वाढतं. ती हवा गेली किंवा पडदा फाटला की फुगलेल्या पाण्याला जागाच उरत नाही, काटा सरळ ३ ला जातो आणि तिथे सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी घराबाहेर सोडून देतो. रात्री सगळं गार झालं की तेवढंच पाणी कमी पडतं आणि सकाळी बॉयलर बंद!

बाहेर जाऊन बघितलं. बॉयलरच्या मागच्या भिंतीतून दोन पाइप बाहेर येतात, त्यातला पांढरा प्लास्टिकचा ठिबकत होता आणि मी आधी त्यालाच दोषी धरलं होतं, पण तो कंडेन्सेटचा, म्हणजे जळलेल्या गॅसमधली वाफ गार होऊन झालेल्या पाण्याचा, बॉयलर चालू असताना तो ठिबकणं नॉर्मलच आहे. खरा दोषी सेफ्टी व्हॉल्व्हचा पाइप, तांब्याचा, टोक भिंतीकडे वळवलेला. त्याच्याखाली हीटिंग सुरू करायच्या आधी रिकामा डबा ठेवला, रात्री चांगलंच पाणी जमलं होतं. या पाइपखाली हात धरू नका, पाणी उकळतं येऊ शकतं.

वहीचं पान, डब्याचा फोटो आणि काट्याचे दोन फोटो घरमालकांना पाठवले. तीन आठवडे "बॉयलर चालत नाही" असं मी सांगत होते तेव्हा काही हाललं नव्हतं, यावेळी दुसऱ्याच दिवशी लायसन्सवाला टेक्निशियन आला. त्याने व्हेसलवरची पिन दाबली, गाडीच्या टायरला असते तशीच असते, तर हवेऐवजी पाणी बाहेर आलं. पडदा फाटलेला. नुसती हवा गेली असती तर पंपाने भरून भागलं असतं. सेफ्टी व्हॉल्व्ह पण बदलायला लागेल म्हणाला, कारण रोज उघडून त्याच्या सीटवर, म्हणजे तो जिथे टेकून बंद होतो तिथे, कचरा बसतो आणि मग तो नीट मिटत नाही. पार्ट यायला पाच दिवस लागणार होते, तोवर त्याने रेडिएटरच्या पाण्याचं तापमान ७५ वरून ५५ वर आणून ठेवलं, पाणी कमी तापलं की कमी फुगतं, खोल्या जरा उशिरा तापल्या पण रोजचं पाणी भरणं दोन दिवसांआड झालं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. काटा बघणं, पाणी भरणं, रिसेट करणं, थर्मोस्टॅटचे सेल बदलणं इथपर्यंतच आपलं काम. बॉयलरचं पुढचं कव्हर उघडायचं नाही, बऱ्याच बॉयलरमध्ये ते कव्हरच जळलेला गॅस घरात येऊ न देणारं सील असतं. त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असू शकतो, त्याला रंग नाही, वास नाही. घरात असताना डोकं दुखतं, मळमळतं आणि बाहेर गेलं की बरं वाटतं असं होत असेल तर बॉयलर बंद करा, खिडक्या उघडा, सगळे बाहेर पडा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आमच्याकडे नव्हता, मी पहिल्याच आठवड्यात आणून लावला, घरमालकांची वाट बघितली नाही. आणि गॅसचा वास आला तर लाइटचं बटणसुद्धा दाबू नका, मेन व्हॉल्व्ह बंद करून बाहेर पडा आणि फोन बाहेरूनच करा.

व्हेसल बदलून आता दहा दिवस झाले. गार असताना १.२, तापल्यावर १.७, एकदाही पाणी भरलेलं नाही. फक्त लहान खोलीतला रेडिएटर वर गरम आणि खाली गार लागतोय. उलटं असतं, वर गार आणि खाली गरम, तर आत हवा अडकलीय म्हणून छोट्या किल्लीने मीच काढली असती, पण खाली गार म्हणजे तिथे गाळ बसलाय, त्या तीन आठवड्यांच्या पाणी भरण्याने त्यात भरच पडली असणार. वहीचं नवीन पान सुरू केलंय, उद्या घरमालकांना फोटो पाठवते.