सर, माठ गळतोय

दहावीत जाणाऱ्या पोरांचे उन्हाळी जादा तास म्हणजे काय असतं ते सोलापुरात राहिल्याशिवाय कळायचं नाही, अकरा वाजता पत्रा असा तापतो की वरून कुणी तवाच ठेवलाय. त्यात धडा उष्णतेचा. 'अप्रकट उष्मा' असं फळ्यावर लिहिलं आणि मागच्या बाकावर दोघं अप्रकट झोपले.

मग दुसऱ्या दिवशी घरचा माठच नेला, स्कूटरवर पायात धरून. टेबलावर ठेवला आणि काहीच बोललो नाही (हे मला फार अवघड जातं). पाच मिनिटांत एकजण, "ओ सर, माठ गळतोय की." दुसरा म्हणे गळत नाही बे, घाम आलाय त्याला. भांडण लागलं, मी खूश.

शेजारी स्टीलची कळशी ठेवलेली, पाणी एकाच नळाचं, रात्री भरलेलं. थर्मामीटर पोरांनीच लावला. कळशीत 35, माठात 25. आता मात्र सगळे जागे. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, कोरड्या हवेत उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, तोच फळ्यावरचा अप्रकट उष्मा. पुस्तकातला आकडा ग्रॅमला 540 कॅलरी, तोही 100 अंशाला, साध्या तापमानाला जरा जास्तच लागते. म्हणजे एक ग्रॅम उडालं तर 54 ग्रॅम पाणी 10 अंशांनी गार, हे गणित त्यांनीच वहीत केलं, मी फक्त खडू धरून उभा.

बर्फाच्या ग्लासालाही घाम येतो, तो पण आतूनच येतो का, असं एकीनं विचारलं. मी म्हटलं ग्लासात सरबत घाल आणि बाहेरचा थेंब चाखून बघ. बघितला. गोड नव्हता. मग हे पाणी हवेतलं, यावर अर्धा तास गेला, धडा राहिला तो राहिलाच.

जुलैत तोच माठ परत नेला, जेमतेम दोन अंशांचा फरक. हवाच ओली, पाणी उडणार कुठं.

आणि एक पोरगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "सर, आईनं आमच्या माठाला ऑइलपेंट मारला दिवाळीत, छान दिसतोय, पण पाणी गारच होईना. कुंभारानं फसवलं म्हणून ती त्याला अजून शिव्या देतीय."