पाळीच्या कळा आणि मधले तीन आठवडे

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलींच्या योगवर्गात मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, पाळीत पोट दुखते तेव्हा कोणते आसन करावे? विचारणारी त्या क्षणी दुखण्याने हैराण झालेली असते, म्हणून ओटीपोट सैल सोडणारी एकदोन आसने मी तिला दाखवतेही. परंतु माझे खरे उत्तर तिला फारसे आवडत नाही. पाळीच्या वेदनेवर व्यायामाचा जो उपयोग होतो, तो मुख्यतः पाळी नसतानाच्या तीन आठवड्यांत नेमाने केलेल्या व्यायामाचा असतो. ऐन कळांच्या दिवशी सतरंजी पसरून हाती लागते ते बहुधा तात्पुरते.

पाळी सुरू झाल्यावर पहिले काही महिने अनेक मुलींना काहीच दुखत नाही आणि मग वर्षभरात कळा येऊ लागतात, तेव्हा घरचे घाबरतात. वास्तविक स्त्रीबीज नियमितपणे सुटू लागले की या कळा सुरू होणे ही नेहमीची गोष्ट आहे. गर्भाशयाचे अस्तर सुटताना त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बाहेर पडतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू जोराने आवळले जातात, तिथला रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो आणि ओटीपोटातून कंबरेकडे, मांड्यांकडे कळ जाते. मळमळ, डोकेदुखी आणि जुलाब हेही याच द्रव्यांचे काम. पहिल्याच दिवशी चारदा शौचाला जावे लागणाऱ्या मुलीला ‘काल बाहेरचे खाल्लेस ना’ म्हणून बोलणी खावी लागतात, ती अगदी विनाकारण. अंगावर जाऊ लागण्याच्या थोडे आधी किंवा त्याबरोबरच हे दुखणे सुरू होते आणि दोनतीन दिवसांत ओसरते.

या दुखण्यावर व्यायामाचा उपयोग होतो का, याविषयी झालेल्या चाचण्या एकत्र तपासून कोक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये एक आढावा प्रसिद्ध केला. आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा, दर वेळी ४५ ते ६० मिनिटे व्यायाम केल्यास शंभर अंकांच्या मोजपट्टीवर वेदना सुमारे २५ अंकांनी कमी होऊ शकते, असे त्यात आढळले; व्यायाम हलका की जोराचा, याने विशेष फरक पडला नाही. मूळ चाचण्या लहान आणि पुराव्याचा दर्जा कमी असल्याचेही त्याच आढाव्यात स्पष्ट म्हटले आहे, आणि योगवर्ग चालवणाऱ्यांनी ते लपवू नये असे मला वाटते. इराणमधील १८ ते २२ वर्षे वयाच्या विद्यार्थिनींवर झालेली एक चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात मुलींनी भुजंगासन, मार्जारासन आणि मत्स्यासन ही तीनच आसने पाळी येण्यापूर्वीच्या दिवसांत केली, आणि त्यांच्या वेदनेची तीव्रता व कालावधी दोन्ही कमी झाले. आसने कधी केली, याकडे मी मुलींचे मुद्दाम लक्ष वेधते.

अडचण अशी की ज्या वयात कळा सुरू होतात, नेमक्या त्याच वयात मुलींचे अंग हलणे बंद होते. नववी-दहावीला खेळाच्या तासाला गणित शिकवले जाते, बारावीला सीईटीचे क्लास असतात, आणि ‘आता मोठी झालीस’ या सबबीखाली सायकलही जिन्याखाली जाते. अशा मुलीला मी आधी आसने सांगतच नाही. बोलताना थोडी धाप लागेल इतक्या वेगाने चालायला, दोरीवरच्या उड्या मारायला किंवा सूर्यनमस्कार घालायला सांगते. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कारांचा नेम लावला होता. आज तो सक्तीने नव्हे, पण आवडीने लागला तरी पुष्कळ होईल. मार्जारासन, भुजंगासन, पवनमुक्तासन आणि भद्रासन हा क्रम त्यानंतर येतो, आणि फरक पडला की नाही हे दोनतीन पाळ्या गेल्याशिवाय ठरवू नये.

प्रत्यक्ष कळांच्या दिवशी मात्र जोर लावणारे काहीही मी करू देत नाही. शरीराला आधार देऊन निजवते. याचे वळण पुण्यातले योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्या परंपरेचे आहे, आणि मुलींच्या पाळीसाठी आधाराची आसने कशी बसवावीत याचा सर्वांत बारकाईने विचार त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी केला, असे माझे मत आहे. घरात लोड असेल तर सुप्त बद्धकोनासन सहज जमते. लोड सतरंजीवर लांबीच्या दिशेने ठेवून त्याच्या टोकापाशी, पण जमिनीवरच बसावे, तळपाय जुळवून टाचा शरीराकडे घ्याव्यात आणि मग पाठीचा कणा लोडाच्या मध्यावर येईल असे मागे निजावे. डोक्याखाली इतकी घडी हवी की हनुवटी कपाळापेक्षा किंचित खाली येईल. गुडघे अधांतरी राहिले तर जांघांमध्ये ताण येतो आणि ओटीपोट उलट आवळले जाते, म्हणून दोन्ही मांड्यांखाली चादरींच्या जाड घड्या सरकवाव्यात; इथे बहुतेक मुली आळस करतात. कंबरेत टोचल्यास लोडाऐवजी दुमडलेली गोधडी घ्यावी. पाच ते दहा मिनिटे पुरेत, आणि उठताना कुशीवर वळूनच उठावे. काहींना याउलट पुढे वाकून, खुर्चीच्या बैठकीवर कपाळ टेकून बसल्यावर बरे वाटते. त्यांनी तसे बसावे.

शीर्षासन, सर्वांगासन यांसारखी उलटी आसने या दिवसांत अय्यंगार परंपरेत वर्ज्य मानतात. ती केल्याने अपाय होतोच, असा ठोस वैद्यकीय पुरावा नाही. तरीही मी ती टाळायला सांगते, कारण ज्या दिवशी उभे राहणे नकोसे होते त्या दिवशी डोक्यावर उभे राहण्याचा हट्ट कशासाठी?

गोळी घेणाऱ्या मुलीला कमी लेखण्याची एक पद्धत योगवर्गांतही आहे, आणि ती मला अजिबात मान्य नाही. मेफेनॅमिक आम्लासारखी वेदनाशामक औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होणेच कमी करतात, त्यामुळे कळा टिपेला पोहोचण्यापूर्वी घेतल्यास त्यांचा गुण अधिक येतो. मात्र दुकानदाराला विचारून वर्षानुवर्षे घेऊ नयेत. मेफेनॅमिक आम्लाच्या दुर्मीळ पण गंभीर दुष्परिणामाबद्दल भारतीय औषधकोश आयोगाने २०२३ मध्ये इशारा दिला होता. ज्यांना आम्लपित्ताचा किंवा दम्याचा त्रास आहे, त्यांनी तर डॉक्टरांना आधी विचारावेच. गरम पाण्याच्या पिशवीचा शेकही कमी लेखू नये.

व्यायामाने सुटणारी वेदना आणि न सुटणारी वेदना यांतला फरक ओळखणे सर्वांत महत्त्वाचे आहे. दुखणे वर्षागणिक वाढत असेल, पाळी नसतानाही ओटीपोटात दुखत असेल, शौचाच्या किंवा लघवीच्या वेळी कळ येत असेल, खूप अंगावर जात असेल किंवा गोळी घेऊनही कॉलेज बुडत असेल, तर आसने बाजूला ठेवून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. ‘लग्न झाले की थांबेल’ या एका वाक्यापायी एंडोमेट्रिओसिससारख्या, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या, आजाराचे निदान कित्येक वर्षे लांबते. जाताना दुखणे कोणत्या दिवशी सुरू झाले, किती टिकले, कोणती गोळी घेतली आणि कॉलेज किंवा दुसरे काय बुडले, हे मागच्या काही पाळ्यांचे लिहून न्यावे, म्हणजे ‘फार दुखते’ एवढेच सांगून परत यावे लागत नाही. शिवाय सोनोग्राफीत काही दिसले नाही म्हणून एंडोमेट्रिओसिस नाहीच, असे ठरत नाही. तेव्हा अहवाल चांगला येऊनही दुखणे थांबले नाही, तर पुन्हा जाऊन पुढची तपासणी कोणती, हे विचारावे.