इनड्वेलर, म्हणजे आपला रा.

आमचे आप्पा तहसील कचेरीबाहेर बाँडरायटर होते. नाव, वय, धंदा, आणि मग 'रा.', म्हणजे राहणार. त्या 'रा.'पुढे गावाचं नाव पडेपर्यंत समोरच्याला ते उठू द्यायचे नाहीत.

मी आता रा. लीथ, एडिनबराचं बंदर. शनिवारी जुन्या स्कॉट्स भाषेतली मृत्युपत्रं वाचून लावत बसते. सोळाव्या-सतराव्या शतकातलं ते 'सेक्रेटरी' नावाचं हस्ताक्षराचं वळण मोडीइतकंच छळतं. त्यातला 'एच' ओळीखाली शेपूट सोडून पुढच्या ओळीत लुडबुडतो. आधी 'अमक्व्हाइल' येतं, आपलं 'कै.'. मग नाव. मग 'इनड्वेलर इन लीथ'. 'डब्ल्यू'च्या जागी 'यू' असल्यामुळे पहिल्यांदा मी त्यात चक्क 'ड्युएल' वाचलं आणि बिचाऱ्या मयताला तलवारबाज करून टाकलं!

इनड्वेलर म्हणजे नुसता राहणारा. गावात खरा मान बर्जेसचा, म्हणजे शहराच्या हक्कदार नागरिकाचा. व्यापाराचा हक्क त्याचा, गावकारभारात शब्द त्याचा. इनड्वेलरनं घर करावं, कर भरावा, पण बर्जेसच्या धंद्यात हात घालू नये. अर्थात कारकून काही दरवेळी इतके काटेकोर नसत. 'बर्जेस इनड्वेलर' असं दोन्ही एकाच माणसाला चिकटवलेलंही सापडतं. लीथची गत तर वेगळीच. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूसनं 1329 साली हे बंदर एडिनबराला देऊन टाकलं. मग माल उतरायचा इथे आणि हक्क वरच्या शहरातल्या बर्जेसांचा. लीथला स्वतःची नगरपालिका मिळाली 1833 मध्ये, आणि 1920 मध्ये एडिनबरानं परत पोटात घेतलं. आमच्या गल्लीतले म्हातारे अजून त्यावर तावातावानं बोलतात.

खेड्यात तर सगळा खेळ एका शब्दयोगी अव्ययाचा. नावापुढे 'ऑफ' अमुक वाडी असेल तर जमीन त्याची. 'इन' असेल तर तो कूळ. मला लगेच आपले मिरासदार आणि उपरी आठवले. दोघं एकाच गावात राबणारे, पण मिरासदाराची जमीन वतनासारखी वंशपरंपरेची, आणि उपरी नावाप्रमाणेच वरून आलेला. हा फरक इंग्रजीत बारकाईनं मांडणाऱ्यांत एल्फिन्स्टन आणि ग्रँट डफ होते, आणि दोघेही स्कॉटिश. बॅन्फचा ग्रँट डफ साताऱ्याला बसून उपरी समजून घेत होता तेव्हा त्याला गावाकडचं 'इन' आणि 'ऑफ' आठवलं असेल का? मला आपलं वाटतं, असेल.

काल दारात एक पाकीट पडलं होतं. वर नावच नाही. 'द ऑक्युपायर', म्हणजे राहणारा जो कोणी असेल तो, आणि खाली आमचा पत्ता. आप्पांनी असला कागद परत पाठवला असता, आधी नाव लिहून आणा म्हणून.