तिसरं बीपी कुठे लिहू?

"मॅडम, तिसरं बीपी कुठे लिहू?" सिस्टरांनी फोनवर विचारलं, तेव्हा आमचं गर्भवती तपासणीचं टेम्प्लेट, म्हणजे संगणकावरच्या नोंदीचा साचा, सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. ओपीडीतल्या एका बाईंचं बीपी १४८/९४ आलं होतं. त्यांना शांत बसवून पंधरा मिनिटांनी परत घेतलं, मग आणखी एकदा. फॉर्मवर चौकट एकच. सिस्टरांनी उरलेले दोन आकडे 'शेरा'मध्ये लिहून टाकले होते. आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅमला शेरा वाचता येत नाही, म्हणजे ते आकडे असून नसल्यासारखेच.

चूक माझीच होती. मी मूळची फिजिओथेरपिस्ट. रुग्णालयाचं सॉफ्टवेअर करणाऱ्या टीममध्ये आले ती 'हिला डॉक्टरांचं बोलणं कळतं' एवढ्या भांडवलावर. टेम्प्लेटचं काम अंगावर आलं तेव्हा वाटलं, फॉर्मच तर करायचाय.

आमचं सॉफ्टवेअर ओपनईएचआर या आरोग्य-नोंदींच्या खुल्या मानकावर चालतं. त्यात रक्तदाबाचा आर्किटाइप, म्हणजे त्या मोजमापाच्या सगळ्या तपशिलांचा आराखडा, तयार मिळतो. सिस्टोलिक (वरचा आकडा), डायस्टोलिक (खालचा), रुग्ण बसलेला की झोपलेला, दंडाला बांधायच्या पट्ट्याचा म्हणजे कफचा आकार, मोजमाप कुठे घेतलं, सगळ्याला जागा आहे. टेम्प्लेट करताना त्यातलं हवं ते ठेवायचं, नको ते झाकायचं. मी मात्र जुनं कागदी कार्ड समोर घेऊन बसले. कार्डावर भेटींचे चार रकाने, म्हणून मी रक्तदाबाचे चार क्लोन केले, म्हणजे त्याच घटकाच्या वेगळ्या नावांच्या प्रती, 'भेट १' ते 'भेट ४'. डॉक्टरबाई म्हणाल्या, पहिल्या भेटीत दोन्ही हातांचं हवं. मग पहिल्याचे दोन झाले, 'बीपी उजवा' आणि 'बीपी डावा'. पडद्यावर हुबेहूब कार्ड उमटलं. सगळे खूश, सर्वांत जास्त मी.

सिस्टरांच्या फोननंतर पहिला विचार काय आला, तर 'बीपी २' आणि 'बीपी ३' असे आणखी दोन क्लोन टाकू. टीममधल्या सीनियरने थांबवलं. म्हणाला, "चौथ्यांदा घेतलं तर परत येशील का?" मग त्याने एकच प्रश्न धरून ठेवला: नक्की काय परत परत घडतंय? बाई पुन्हा तपासणीला आली तर नवी कंपोझिशन, म्हणजे अख्खी नोंदच नवी. भेटींचे रकाने टेम्प्लेटमध्ये मुळात यायलाच नको होते. त्याच भेटीत पुन्हा मोजलं तर आर्किटाइपमधला 'एनी इव्हेंट', म्हणजे एका मोजणीचा कप्पा, पुन्हा येतो, स्वतःच्या वेळेसकट. आणि उजवा-डावा हे नाव नव्हेच, ते मोजमापाच्या जागेचं उत्तर. त्याची चौकट आर्किटाइपमध्ये पहिल्यापासून होती, मीच ती झाकून ठेवली होती!

फॉर्म दोन दिवसांत सुधारला. भोवलं ते नाव.

मधल्या काळात कुणाला तरी 'बीपी उजवा' अर्धवट वाटलं, म्हणून मी ते 'रक्तदाब उजवा हात' केलं होतं. माझ्या लेखी ती पाटी बदलणं होतं. पण ओपनईएचआरमध्ये प्रत्येक नोडचं, म्हणजे नोंदीतल्या प्रत्येक घटकाचं, नाव नोंदीबरोबर साठवलं जातं. जुन्या नोंदींत जुनं नाव, नव्यांत नवं. आलेखासाठी नोंदी शोधणारी माझी क्वेरी (ओपनईएचआरच्या एक्यूएल या शोधभाषेतली) नावावरून शोधायची, तिला जुन्या नोंदी सापडेचनात. आर्किटाइपमधला सिस्टोलिकचा ठरलेला कोड एटी०००४ सगळीकडे तोच, त्यावरून शोधलं की सगळं सापडतं, पण कुठला हात ते कळत नाही, कारण क्लोनांमधला फरक फक्त नावात होता. हे समजायला मला एक अख्खी दुपार आणि तीन चहा लागले.

जुळ्यांच्या वेळी तरी शहाणपण येईल असं वाटलं होतं. गर्भाच्या ठोक्यांचा गट मी पुनरावृत्तीचा ठेवला, कमाल मर्यादा न घालता. तिळीही असू शकतात. चाचणीत दोन गट भरले, पाथमध्ये, म्हणजे नोंदीतल्या त्यांच्या पत्त्यात, एकाला शून्य क्रमांक, दुसऱ्याला एक. छान. पुढच्या भेटीच्या चाचणीत डॉक्टरबाईंनी आधी दुसऱ्या बाळाचे ठोके भरले, आणि आलेखात दोन्ही बाळांची अदलाबदल झाली. एकाचे १३२, दुसऱ्याचे १५४; ११० ते १६० या नेहमीच्या मर्यादेच्या आत दोन्ही, म्हणून कुणाला शंकाही आली नसती. तो क्रमांक फक्त रांगेतली जागा सांगतो, बाळ कोणतं ते नाही. सोनोग्राफीवाले जुळ्यांना जागेवरून 'ए' आणि 'बी' म्हणतात, तसा ओळखीचा वेगळा घटक प्रत्येक गटात घातला आणि तो भरणं सक्तीचं केलं. 'बाळ ए' आणि 'बाळ बी' असे दोन क्लोन करायचा मोह तेव्हाही झाला होता, हे कबूल करते.

आता टेम्प्लेटमध्ये नाव बदललेले घटक फारच थोडे आहेत. जिथे दोन गोष्टींचा अर्थच वेगळा आणि संख्या ठरलेली, तिथेच क्लोन करते. चौकटीवर मराठीत काय दिसावं ते टेम्प्लेटमध्ये नाही, पडद्यावरच्या फॉर्मच्या थरात ठरतं.

सिस्टरांना कागदावर मात्र चार रकानेच हवे होते. ते छपाईच्या मांडणीत दिले, पाचवी भेट दुसऱ्या पानावर जाते. आणि आलेखाच्या क्वेरीत 'बीपी उजवा' आणि 'रक्तदाब उजवा हात' ही दोन्ही नावं अजून शेजारी शेजारी आहेत. नवीन आलेला मुलगा परवा त्यातलं एक काढून टाकायला निघाला होता.